आधी पोट, मग रंग? वडशात तरी असं म्हणू नका

“रंगानं पोट भरते का जी?” हा प्रश्न आमच्याकडे फार चटकन विचारला जातो. शाळेत चित्रकलेला वेळ द्या म्हटलं की विचारतात. घरधनी गेलेली बाई संध्याकाळी कागद घेऊन बसली की विचारतात. वाघानं बाप नेलेल्या पोराच्या मनाचंही काही करायला हवं, असं कुणी सुचवलं तर हमखास विचारतात. विचारणारे दुष्ट नाहीत. त्यांनी रोवणीच्या दिवसांतली ओढाताण पाहिलेली असते, दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस दगावताना पाहिलेला असतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुःख झाल्यावर चित्र काढून मन हलकं करणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. पुण्या-मुंबईला ती शोभते. गडचिरोली जिल्ह्यात आधी धान, दवाखाना, रस्ता आणि रोजगार. त्यातून काही उरलं तर रंग.

हे म्हणणं मला सपशेल चूक वाटतं. ते कळवळ्यातून येतं म्हणून सोडून द्यावं, असंही वाटत नाही. याच कळवळ्याच्या आधारानं शाळेतला चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो आणि घरातल्या बाईला ‘हे काय पोरखेळ’ म्हणून उठवलं जातं. आणि ते वडशात बोललं जावं, याचं तर फारच वाईट वाटतं.

सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. वैनगंगेकाठचं, भातगिरण्यांचं, बाजाराचं गाव. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन कितीतरी वर्षं अख्ख्या जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्टेशन होतं. पण झाडीपट्टीत कुणालाही विचारा, वडसा म्हटल्यावर तो आधी नाटक म्हणेल. धान घरात आलं, दिवाळी-भाऊबीज झाली की इथल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या गजबजतात. मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्तानं गावोगावची मंडळं येऊन नाटकं ठरवतात आणि पार होळीपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात रात्रभर प्रयोग रंगतो. लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. छळलेली सून, दारूनं धुळीला मिळालेलं घर, बांधीपायी वैरी झालेले भाऊ समोर उभे राहतात आणि बायाबापड्या पदरानं डोळे पुसतात. कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी. ज्या गावात हिवाळाभर नट, वादक, मेकअपवाले, पडदेवाले, मंडपवाले यांच्या चुली या रडण्याहसण्यावर पेटतात, त्या गावात कुणी म्हणावं की गरिबाला आधी पोट आणि मग कला? इथल्या गरिबानं हा क्रम कधीच मानलेला नाही. गाठीला मोजके पैसे असतानाच त्यानं तिकीट काढलेलं आहे.

यावर मला ऐकवलं जातं की नाटक ही गावाची गोष्ट झाली; दुःख हलकं करायला ते आहेच, मग चित्र कशाला? पण त्या नाटकाचं अर्धं जग चित्रकारानंच उभं केलेलं असतं. झाडीपट्टीचा पडदा एकदा जवळ जाऊन पाहावा. राजवाडा, रस्ता, झोपडी, जंगल, ही नेहमीची ठिकाणं. जंगलाच्या पडद्यापासून हातभर अंतरावर उभं राहिलं तर जंगल दिसतच नाही. हिरव्याचे चार-पाच जाडेभरडे थापे, मधूनच पिवळ्याचा फटकारा, खोडाच्या एका अंगाला काळसर ओढ आणि कापडाच्या शिवणीवर वळकटीनं पडलेल्या भेगा. तेच कापड शेवटच्या रांगेतून, दिव्यांच्या उजेडात पाहिलं की पान न् पान दिसतं, आत वाट दिसते, त्या वाटेनं कुणीतरी येईलसं वाटतं. ज्यानं हे थापे मारले त्याला आपण ‘पेंटर’ म्हणतो आणि त्याच हातानं दुकानाची पाटी लिहून घेत होतो, फ्लेक्स येईपर्यंत. तेव्हा रंगांची ओळख वडशाला बाहेरून करून द्यायची गरज नाही.

तरीही नाटक आणि स्वतः काढलेलं चित्र यांत एक फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे. नाटकातल्या सुनेचं दुःख दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. ते पाहून बाई रडते, मोकळी होते, हे खरं. पण तिचं स्वतःचं जे झालं, ते कोण सांगणार?

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. सीटी-१ म्हणून ओळखला जाणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून पकडला गेला. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत मिळून १३ माणसं त्यानं मारली होती. असा मृत्यू घरात झाला की काय काय होतं? वनखात्याचा पंचनामा होतो, पोलिसांचा पंचनामा होतो, शवविच्छेदनाचा अहवाल येतो, वारसाचा दाखला काढावा लागतो. शासन आता अशा मृत्यूला २५ लाख रुपये देतं, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत. ते दिलेच पाहिजेत, वेळेवर दिले पाहिजेत, त्यात कुणी खोट काढू नये. पण बघा, त्या बाईच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाची हकीकत किती जणांनी लिहिली! वनरक्षकानं, हवालदारानं, डॉक्टरानं, तलाठ्यानं. वर्तमानपत्रवाल्यानं एका ओळीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ‘नशीब’ म्हणून. प्रत्येक कागदाखाली सही किंवा अंगठा मात्र तिचा. तिच्या हातानं तिनं लिहिलेली, काढलेली, तिला जशी दिसली तशी हकीकत एकाही फायलीत नाही. चित्र ही ती हकीकत असू शकते. दुःख झालेल्या माणसाला आपल्या दुःखाबद्दल स्वतः काही मांडता येणं, ही माझ्या लेखी भाकरीच्या शेजारची गरज आहे, भाकरीनंतरची नाही.

‘हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे’ असं म्हणणाऱ्यांशी मला विशेष भांडायचं आहे. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर आहे. तिथं माणूस गेल्यावर उभारलेल्या स्मृतिशिळांवर, खांबांवर चित्रं रंगवतात; त्याच्या आवडीच्या वस्तू, जनावरं, त्याच्या जगण्यातले प्रसंग. ओडिशातले सावरा लोक घरात आजारपण आलं, कुणी गेलं, तर आतल्या भिंतीवर इडितल काढतात, गेलेल्याच्या आत्म्याला राहायला जागा म्हणून. मानववंश-अभ्यासक व्हेरिअर एल्विननं ही चित्रं १९५०च्या आधीच नोंदवून ठेवली. गुजरातेत छोटा उदेपूरकडचे आणि मध्य प्रदेशात अलीराजपूरकडचे राठवा-भिलाला घरावर संकट आलं की पिठोराचा नवस बोलतात आणि ऐपत झाली की ओसरीची भिंत घोड्यांनी भरून घेतात. ही मंडळी काही पोट भरून चैन करायला बसलेली नव्हती. दुःख आलं की भिंतीकडे जावं, हे मध्य भारतातल्या जंगलपट्टीला केव्हापासून ठाऊक आहे. आणि ज्या विलायतेकडे बोट दाखवतात, तिथंही ही कल्पना दिवाणखान्यात जन्मली नाही. ‘चित्रोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द १९४२ मध्ये रूढ करणारा एड्रियन हिल हा चित्रकार स्वतः क्षयाचा रोगी होता. सॅनेटोरियमच्या खाटेवर पडल्यापडल्या तो चित्रं काढायला लागला आणि शेजारच्या खाटांवरच्यांना शिकवायला लागला. क्षय आपल्या जिल्ह्याला काही परका नाही.

आता महाराष्ट्रातल्या त्या माणसाकडे येतो, ज्याचं नाव वारली चित्रामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याची सुरुवात कुणी नीट सांगत नाही. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४चा, तलासरीकडचा. सात वर्षांचे असताना आई गेली. पोरानं बोलणं टाकलं. काही हवं असेल, सांगायचं असेल तर मातीत बोटानं, काडीनं रेघा ओढायचा. कित्येक वर्षं हेच त्याचं बोलणं. पुढं डहाणू तालुक्यात गंजाडजवळ कळंबीपाड्याला शेतावर राबायला गेला. म्हणजे आई नाही, वाचा नाही, पोटासाठी लहानपणीच दुसऱ्याच्या शेतावर मजुरी. ‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबानं या पोरानं रेघा ओढायलाच नको होत्या. या हिशेबातली चूक इथं उघडी पडते: त्या पोराजवळ माणसांत राहायला दुसरं काही साधनच नव्हतं. रेघ हेच त्याचं तोंड होतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. वारल्यांत चित्र हे लग्नाच्या चौकाचं, पालघट देवीचं. ते सवाशिणींनी काढायचं. पुरुषानं, तेही रोज, सण नाही समारंभ नाही, चित्र काढत बसायचं, हे रीतीत बसणारं नव्हतं. मशे बसले. साधनं तीच, घरातली: शेणानं किंवा गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोकाशी चावून तंतू मोकळे केलेली बांबूची काडी. धानावर जगणाऱ्या आपल्या भागानं या पांढऱ्या रंगाकडे नीट पाहावं. जे तांदूळ पोटात जायचे, त्यातलेच मूठभर वाटून भिंतीवर जात होते, आणि तेही अशा घरांतून जिथं पावसाळ्यात कणगी रिकामी व्हायची. पोट आणि रंग यांची भांडणं आपण लावली; त्या बायांनी दोघांना एकाच पाट्यावर वाटलं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी डहाणूला पोचले. हे तेच मराठी चित्रकार, जे १९६६-६७च्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांकडे कागद घेऊन गेले होते. त्यांनी मशेंचा हात ओळखला. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ मध्ये निधन. पुरस्कारांची ही यादी मी भराभर सांगून टाकतो, कारण माझ्या मुद्द्याला तिचा फारसा उपयोग नाही. उपयोग आहे तो त्यांनी काय रंगवलं याचा. आई गेलेल्या, वाचा गेलेल्या पोरानं पुढं आयुष्यभर आईचा मृत्यू रंगवला नाही. त्यांनी मासे धरायचं जाळं रंगवलं, इतकं बारीक की प्रत्येक गाठ वेगळी. मुंग्यांची वारुळं रंगवली, आगगाडी रंगवली, तारपा वाजवणाऱ्याभोवती गरगरणारी माणसांची माळ रंगवली. सगळीकडे हालचाल, सगळीकडे एकमेकांना धरून असलेले जीव. एकटं पडलेलं पोर सगळ्यांना एकत्र बांधत राहिलं. याला मी बरं होणं म्हणतो. जखम दाखवली नाही म्हणून ते पळून जाणं ठरत नाही.

‘दुःख उगाळून काय मिळतं?’ असा जो दुसरा आक्षेप येतो, त्याचं उत्तरही याच जाळ्यात आहे. हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. शिबिरात पोरांना रांगेत बसवून ‘तुमच्या बाबांना काय झालं ते काढा’ म्हणणारे उत्साही लोक असतात. हे क्रूर आहे आणि थांबवलं पाहिजे. वाघानं बाप नेलेल्या पोराला वाघ काढायला सांगू नका. ते महिनाभर नुसती बैलगाडी काढेल, एकच झाड पन्नासदा काढेल, कागद काळा करून ठेवेल, काढू द्या. विषय ठरवण्याचा हक्क त्याचा. ज्याच्याकडून सगळं हिसकावलं गेलं, त्याच्याकडून एवढंही काढून घेतलं तर मग चित्राचा आणि पंचनाम्याचा फरक राहत नाही.

वय झाल्यावर काय शिकणार, असंही म्हणतात. उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या जोधइया बाई बैगा यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर रंग हाती घेतला. बांधवगडच्या जंगलाजवळचं हे गाव. म्हणजे मोह, वाघ, सगळं आपल्यासारखंच. नवरा तरुणपणी गेलेला, पदरी लेकरं, मजुरी करून, जंगलातून लाकडं आणून विकत दिवस काढलेले. शांतिनिकेतनात शिकून आलेले आशीष स्वामी यांनी गावात ‘जनगण तस्वीरखाना’ सुरू केला, तिथं ही म्हातारी गेली. जमिनीवर रांगोळी, मग भिंत, मग कागद, मग कॅनव्हास. तिनं बडादेव काढला, मोहाचं झाड काढलं, आणि वाघ काढला. बैगांच्या लेखी वाघ हा देव; ज्याच्या भीतीत जन्म काढला त्यालाच तिनं ठिपक्या-ठिपक्यांनी भरून काढलं, स्वतःच्या मर्जीनं. २०२३च्या पद्मश्रींच्या ज्या यादीत आपले खुणे होते, त्याच यादीत जोधइया बाई होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. लाकडाची मोळी डोक्यावर वाहणाऱ्या बाईला रंग परवडतो की नाही, याचं उत्तर तिनं तिच्यापुरतं देऊन ठेवलं आहे.

‘पण या सगळ्यांना कुणीतरी भेटलं, पुरस्कार मिळाले, पैसा मिळाला, म्हणून त्यांचं दुःख गेलं’ असं कुणी म्हणेल. म्हणजे चित्र विकलं गेलं तर ठीक, नाहीतर वेळेची नासाडी. या विचाराला मला सगळ्यात कडक उत्तर द्यायचं आहे. जनगढसिंह श्याम हे दिंडोरीकडच्या पाटनगढचे परधान गोंड. १९८१च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी चित्रकार स्वामीनाथन यांच्या चमूनं त्यांना शोधलं. पुरस्कार मिळाले, विधानभवनाच्या भिंती त्यांनी रंगवल्या, पॅरिसला त्यांची चित्रं गेली, एका अख्ख्या शैलीला लोक त्यांच्या नावानं ओळखू लागले. आणि २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात, करारावर चित्रं काढत असताना, आपल्या माणसांपासून हजारो कोस दूर, त्यांनी आयुष्य संपवलं. विकलं जाणं, गाजणं यानं माणूस वाचत असता तर जनगढ आज म्हातारे होऊन पाटनगढला बसले असते. चित्र जेव्हा दुसऱ्याच्या मागणीचं, मुदतीचं, मजुरीचं होतं, तेव्हा त्यातलं तारणारं जे असतं ते वाळून जातं. म्हणून वडशातली एखादी बाई चित्र काढते असं कळल्याबरोबर बचतगटाचा स्टॉल आणि ‘मार्केटिंग’ घेऊन तिच्या दारात धावू नये. तिला विकायचं असेल तर ती विकेल.

याच घटनेचा आधार घेऊन मी दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही अडवतो, जे म्हणतात की कलेनं सगळं बरं होतं, गोळ्या कशाला. हे धोक्याचं बोलणं आहे. ज्याला जीव नकोसा झाला आहे, झोप उडाली आहे, भास होत आहेत, त्याला आधी डॉक्टर, आधी औषध. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यासाठीच आहे आणि तो प्रत्येक आशाताईच्या फोनमध्ये असायला हवा.

शास्त्राचं म्हणाल तर विरोधकांच्या हाती एक भक्कम दाखला आहे, तो मीच पुढं ठेवतो. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. गटात बसवून चित्रोपचार दिलेल्यांत आणि नेहमीच्या उपचारांवरच ठेवलेल्यांत दोन वर्षांनी काही फरक आढळला नाही. हे मान्यच करायला हवं. पण त्याच चाचणीत पुष्कळ रुग्ण गटाला फारसे आलेच नाहीत, हेही नोंदलेलं आहे. गट दुसऱ्यानं ठरवलेला, वार दुसऱ्यानं ठरवलेला. शिवाय ती चाचणी एका गंभीर आजाराची होती. नवरा गेलेली, पुरात घर गेलेली, मूल गमावलेली बाई आजारी नसते, दुःखी असते. दुसऱ्या बाजूला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, कागद, रंग देऊन बसवलं; जवळपास तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक उतरलं, आणि ज्यांना चित्र काढायचा आधी फारसा अनुभव नव्हता तेही त्यात होते. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असं म्हटलं. मी माझ्या म्हणण्याचा सगळा भार या आकड्यांवर टाकत नाही. देशात सामान्य मानसिक आजार असलेल्या दर दहांपैकी आठ-नऊ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, असं २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. ज्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही त्यांच्या हातून कागदही काढून घ्यायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आणि ‘आधी पोट’ हे ज्यांना अजूनही सोडवत नाही, त्यांनी तेरेझिनची आठवण ठेवावी. चेक देशातली ही नाझींची बंदिछावणी. अन्न अपुरं, रोगराई, रोज कुणीतरी मरतंय, आणि अधूनमधून माणसांनी भरलेल्या गाड्या पूर्वेकडे जातायत. तिथं फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची बंदिवान चित्रकार मुलांना चित्र शिकवत होती. रद्दी, जुने फॉर्म, मिळेल तो कागद. मुलांनी फुलपाखरं काढली, घरं काढली, जेवणाची ताटं काढली. प्रत्येक चित्रावर ती मुलाला नाव घालायला लावायची. ज्या जागी माणसाला नंबर होता तिथं नाव. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला ऑशविट्झला नेऊन मारलं. बहुतेक मुलंही गेली. तिनं लपवलेल्या दोन पेट्यांतून सुमारे साडेचार हजार चित्रं युद्धानंतर निघाली. यातलं कुणीही चित्रामुळे वाचलं नाही. पण जी मुलं भुकेली होती तीच काढत होती, आणि त्यांच्या शिक्षिकेनं ‘आधी पोट’ म्हटलं नाही.

आता वडशात काय व्हायला हवं ते बोलतो, कारण नुसतं भांडून उठणं बरं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितला आहे, पण १००च्या वर पटसंख्या असेल तरच. गडचिरोलीतल्या वाड्या-पाड्यांवरच्या किती शाळांचा पट शंभरी ओलांडतो? म्हणजे ज्या पोरांच्या वाट्याला वाघ, पूर, दारू आणि स्थलांतर सगळ्यात जास्त येतं, नेमकी तीच पोरं कायद्यानंच चित्रकलेच्या बाहेर. जंगल जिल्ह्यांपुरती ही अट काढा, किंवा पाच शाळांत मिळून एक निदेशक फिरता ठेवा. आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा राहू द्या, दहावीत वाढीव गुण मिळतात ते मिळू द्या. पण आठवड्यातला एक तास असा ठेवा, ज्यातलं चित्र तपासलं जाणार नाही.

शिकवणारे कुठून आणायचे, असं विचारू नका. होळीनंतर नाटकं थांबतात, पडदे गुंडाळले जातात, आणि ज्या हातांनी जंगलं-राजवाडे उभे केले ते हात रिकामे होतात. फ्लेक्सनं त्यांची पाट्यांची कमाई आधीच नेली आहे. नगरपरिषदेनं, पंचायत समितीनं या पेंटरांना उन्हाळ्याचं मानधन द्यावं. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास एखादी खोली उघडी ठेवावी, शक्यतो दवाखान्याच्या जवळ, म्हणजे औषधाला आलेल्या बाईला घरी वेगळं कारण सांगावं लागणार नाही. गेरू, तांदळाचं पीठ, चुना, काजळी, जुने कागद: सामानाला पैसा जवळपास लागत नाही. उद्घाटनाला पाहुणे बोलावू नयेत, शेवटी प्रदर्शन ठेवू नये. जी बाई आपलं चित्र भिंतीवर लावू म्हणेल तिचं लावावं, जी घडी घालून कमरेला खोचेल तिला ते काय आहे म्हणून विचारू नये.